दिसलं की चुकलं

नाही, पण मला एक सांगा, माणसानं राबराब राबायचं आणि केलेलं काम दिसलं म्हणून शिव्या खायच्या, हा कुठला न्याय? तुम्ही दिवसभर फोनच्या काचेवर बोटं घासता ना? घासा, तुमचीच काच आहे! पण त्या काचेला बोट कळतं कसं? तिच्या पोटात तारा असतात, केसाहून बारीक, आडव्या नि उभ्या, बोट टेकलं की कुठल्या आडवीवर, कुठल्या उभीवर, सगळं तिला कळतं. ती जाळी आखतो मी. आणि त्या जाळीचा पहिला आणि शेवटचा नियम... दिसलं की चुकलं!

हे घरी समजावून बघा! आमच्या सासऱ्यांनी जन्मभर पूल बांधले. पूल! डोळे मिटून चाललं तरी पायाला कळतो. ते दर भेटीत काच उजेडाकडे धरतात, "जावईबापू, यात तुमचं काय?" जाळी, अप्पा. "कुठाय?" दिसत नाही. "मग आहे कशावरून?" आणि आमची ही आतून म्हणते, "अप्पा, राहू द्या ना, पगार वेळेवर येतो." म्हणजे बघा!

तर तुम्हाला सांगतो, यंदा खातेप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली. साहेब म्हणाले, "तुमचा नमुना पास झाला की खुर्ची तुमची." आमच्यात पद्धत अशी, की गिऱ्हाईक एका काचेवर सही करतं, आणि पुढचा सगळा माल हुबेहूब त्या काचेसारखा निघावा लागतो. मी टेबलावर दोन काचा मांडल्या. एक माझी जाळीवाली, दुसरी तुलनेला नुसती कोरी. आणि मलाच ओळखू येईनात हो, इतकं झकास काम! दिसलं की चुकलं ना? म्हणून कोरीच्या कोपऱ्यात पेनानं इवलीशी फुली मारली. तेवढ्यात साहेब आले, "अहो, पाहुणे दारात आणि काचेवर डाग?" रुमाल काढला, हाऽऽ करून वाफ सोडली आणि फुली पुसली! मी अहो अहो करेपर्यंत गिऱ्हाईक बाई हजर.

बाईंनी डोळ्याला भिंग लावलं. पहिली काच... "हं, इथे किंचित लाट दिसते." दुसरी काच... "वा! याला म्हणतात काम!" आणि ठोकली सही! साहेबांनी माझी पाठ थोपटली, मी तर मनातल्या मनात खुर्चीत बसलोसुद्धा!

बाई गेल्यावर सहीची काच यंत्रावर ठेवली, बोट टेकवलं... ढिम्म! दुसरी ठेवली, टुणकन दिवा लागला! मी तसाच पळत साहेबांकडे, "साहेब, बाईंनी कोरी काच पास केली!"

"सही आहे ना?"

"सही आहे, जाळी नाही!"

"मग दिसत नाही हे बरोबरच आहे."

"साहेब, सही पुसू या!"

"भलतंच! पक्क्या शाईची आहे."

माझी फुली पुसताना हात कसा झरझर चालत होता! बरं, बाईंना खरं सांगू? तर म्हणे, "काय सांगाल? तुम्हाला कोरी काच ओळखता येत नाही असं? गिऱ्हाईक जाईल हातचं." आणि माझी खुर्ची? "माल नमुन्यासारखा निघू दे, मग बघू." म्हणजे आता तारा घालायच्या, पण न घातल्यासारख्या! आधी दिसलं की चुकलं होतं, आता असलं तरी चुकलं!

तेव्हापासून ती मेली सहीची कोरी काच बरोबर घेऊन हिंडतोय, ताडून बघायला. परवा अप्पा आले. सवयीनं काच उचलली, उजेडाकडे धरली, "जावईबापू, खरं सांगा, यात तुमचं काय?"

दमलो होतो हो. म्हटलं, "काही नाही, अप्पा. अगदी काही नाही."

तर त्यांनी मला मिठीच मारली! डोळे भरून आले त्यांचे. आणि आत वळून लेकीला म्हणतात कसे, "बघ! माणूस शेवटी खरं बोलला. मी पहिल्या दिवसापासून सांगत नव्हतो?"