पाणमांजराचं पिल्लू झोपलं तेव्हा

बसमध्ये नर्स डुलकी काढणार, तोच मागच्या सीटवर अभयारण्याच्या शिबिरातून परतलेल्या मुलीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"आई, एक तास एकटीनं झाडाखाली बसायचं होतं. अगदी गप्प!"

"तू? आणि गप्प? काहीतरीच!"

"अगं, नदीतून पाणमांजराचं पिल्लू आलं आणि माझ्या बुटाशी चक्क झोपलं!"

"मग कुणाला हाक नाही मारलीस?"

"जागं झालं असतं ना! पायाला मुंग्या आल्या, तरी हलले नाही."

"अगंबाई! घरी तर तू कुणाला बोलूच देत नाहीस."

"म्हणून आता तू सांग. चार दिवस काय केलंस? मी मध्ये बोलणार नाही."

नर्सचा स्टॉप आला आणि गेला. ती कान टवकारून ऐकत होती, उठलीच नाही.

"हसायचं नाही हं," आई म्हणाली. "कधीपासून सांगायला टपलेय! मी सायकल शिकले!"