आतली ओल

…नाही, बसा, चहा घ्या. पण कामावर परत या म्हणून साहेबांनी तुम्हाला पाठवलंय ना, ते तेवढं राहू द्या. आणि जरा हळू बोला, ताई आतल्या खोलीत आहे.

काम वाईट नव्हतं हो. लोक आपलं दुखणं त्या साइटवर लिहायचे, खाली स्वतःच्या शब्दांत टॅग लावायचे — ठणका, चमक, मुंग्या, एकानं तर ‘गुडघा रुसलाय’. मशिनला काय कळणार त्यातलं? मग मी एकेक शब्द घेऊन सांगायची — हा कुठल्या अवयवाचा, किती जोराचा, कुठल्या आजाराशी याचं नातं. कशासाठी? तर सारखं दुखणं असलेली माणसं एकमेकांना सापडावीत म्हणून. साहेबांनी समोर बसवून सांगितलं होतं, यातलं काही बाहेर जाणार नाही. मी विश्वास ठेवला, डोळे झाकून ठेवला — आणि घरी येऊन ताईच्या मागे लागले. लिही, मोकळी हो, नाव कुणाला दिसत नाही. मीच लागले.

ताई बस चालवायची. इतकी वर्षं चालवली, गाडीला ओरखडा नाही. तिनं लिहिलं, आणि टॅग लावला ‘आत ओल आलीय’. मशिननं तो घरदुरुस्तीत टाकला — हसू नका, म्हणजे हसा, मीही हसले होते. मग हसू गेलं. आमची आई अगदी हेच म्हणायची, तिला आठवडेच्या आठवडे उठावंसं वाटायचं नाही तेव्हा. मी तो उचलून उदासीत नेऊन ठेवला, जुनी, मुरलेली उदासी — तिच्यासारखं कुणीतरी तिला भेटेल म्हणून, दुसरं काय?

आणि भेटलं कोण? तिचा डेपो मॅनेजर. तुमच्या साहेबांनी सगळं विकलं की, गाड्या चालवणाऱ्या कंपन्यांना, फोन नंबरांसकट! मॅनेजरनं तिला बोलावून वाचून दाखवलं — जुनी उदासी, आणि पुढे तिचेच शब्द. गाडी काढून घेतली. आता डेपोच्या खिडकीत बसून लोकांच्या विसरलेल्या छत्र्या परत देते. पण ते नाही, ते एक वेळ सोसलं असतं तिनं. आई गेल्यावर त्या ‘ओल’ शब्दाचा अर्थ आम्हा दोघींनाच माहीत होता. कुणी सांगितला, हे तिला विचारावंच लागलं नाही.

काय म्हणालात? मशिनला न कळलेले टॅग इकडे पाठवता, घरबसल्या करायचे? अहो, इथेच एक मला कळेनासा झालाय. ती कामावरून आली की मी विचारते, कशी आहेस. पूर्वी चपला काढता काढता सुरू व्हायची, थांबायची नाही. आता म्हणते, ‘बरी आहे.’ तेवढंच, आणि दार लोटून घेते. सांगा ना, याला कुठे नेऊन ठेवू? विचारून या साहेबांना.

नको, कप राहू दे तिथेच. निघा तुम्ही.