पान दोनवरचे आजोबा

हो हो, मान्य आहे, पान दोनवर तुमच्या वडिलांना मी मारलं — पण आधी बसा तरी. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो. हां. आता बघा, अठरा वर्षं मी हेच करतेय, कॉलेजच्या अर्जासोबत जोडायचे निबंध मुलांना लिहून देते — लिहायला मदत करते म्हणायचं असतं, बाहेर पाटीवर तसंच लिहिलंय — आणि एवढ्या वर्षांत माझ्या हातून जेवढे आजोबा गेले ना, तेवढे एखाद्या साथीतही गेले नसतील. दुःख लागतंच हो निबंधात. सतरा वर्षांच्या पोरांकडे दुःख कुठलं? मोबाइलची काच फुटली, एवढंच. मग आजोबा. आज्यांना मी सहसा हात लावत नाही, आज्या निबंध वाचायला मागतात.

पण तुमचे वडील जिवंत आहेत हे खरंच माहीत नव्हतं मला. विचारलंच नाही मी. काय? — तुमची तक्रार ती नाहीच? अहो, ते खाली गाडीत बसलेत, इथून दिसतायत, चष्मा पुसतायत बिचारे — आणि तुमची हरकत नाही? म्हणजे तुमची लेक जिन्यात रुसून बसलीय, अर्जावर सही करत नाही, मुदत उद्या दुपारपर्यंत, आणि मी तिची समजूत घालायची. असं होय. मला वाटलं भांडायला आलात. भांडला असतात तर बरं झालं असतं.

तिनं स्वतः लिहिलेलं वाचलंत का? हे बघा, इथेच आहे. तुमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली, तर ही तीन दिवस मेकॅनिकच्या मागेमागे, हात ग्रीसनं काळे, आणि शेवटी कळलं की दोष मोटरमध्ये नव्हताच, चौथ्या मजल्याचं दार नीट लागत नव्हतं. संपला निबंध. उपदेश नाही, अश्रू नाहीत. मी वाचलं, म्हटलं, वा! — आणि लाल पेनानं उभी काट मारली. सवय, दुसरं काय! खाली तिनं लिहिलंय, मला त्या छोट्या कॉलेजात जायचंय, तिथे पहिल्याच वर्षी यंत्रांना हात लावू देतात. तुम्हाला मात्र माहितीपत्रकावर मोठे खांब असलेलं हवंय. मलाही हवं होतं. माझ्या लेकीसाठी.

तिचाही निबंध मीच लिहिला. त्यात मी आजारी होते. सहा महिने अंथरुणाला खिळलेली, आणि ती शाळेतून येऊन माझे केस विंचरायची — काय उतरलं होतं, माझं मलाच रडू आलं! मला साधी सर्दी होत नाही हो. झाला प्रवेश. पण त्या कॉलेजची पद्धत अशी, की ज्याचा निबंध सगळ्यांत चांगला त्यानं तो पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर वाचायचा. सभागृह भरलेलं, मी तिसऱ्या रांगेत, ठणठणीत, मांडीवर नवी पर्स. लेक वाचतेय. आवाज कापतोय, पण वाचतेय — माझ्यासाठी रेटून नेत होती ती, मला तेव्हा कळलं नाही. शेजारच्या बाईनं हळूच माझा हात दाबला. आता मी काय करायचं? गप्प बसायचं. मी काय केलं? खोकले. दोनदा. बारीकसं, आजाऱ्यासारखं. पोरीनं वर पाहिलं, थेट माझ्याकडे, कागदाची घडी घातली आणि स्टेजवरून उतरून बाहेर निघून गेली. आठवड्याभरात कॉलेज सोडलं, मग घर. तीन वर्षं झाली. हसा की! मी मुलांना गंमत म्हणून सांगते हे — नाही, सांगत नाही. कुणालाच सांगितलेलं नाही.

तेव्हा हा घ्या तिचा कागद. घरी नवा छापा, एक शब्द बदलू नका, आणि तिला म्हणावं, सही कर. तिची समजूत घालायला मी नाही येणार, तोंड नाही मला.

माझी लेक? हो, शिकतेय ना ती. दुसरीकडे. कुठल्या कॉलेजात? — दरवर्षी चाळीस मुलांची कॉलेजं मी ठरवते, आणि — तिच्या बाबांना माहीत आहे. दर रविवारी फोनवर बोलतात दोघं, हे आतल्या खोलीत, दार लावून. मला सांगायचं नाही अशी तिची अट आहे. दाराबाहेरचं कपाट मी दर रविवारी आवरते, इतकं नीटनेटकं कपाट कुणाच्या घरात नसेल. पण काही ऐकू येत नाही हो. काहीसुद्धा —

जा तुम्ही आता. ती थांबलीय जिन्यात, जा ना.