मधला ठोका

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी लवळ्याच्या बसथांब्यावर दोघे बाकावर बसले होते: वसतिगृहातले आचारी किसनराव आणि तिथेच राहणारी विद्यार्थिनी गौतमी. किसनराव डब्याच्या झाकणावर बोटाने ठोके देत होते.

"काइंड. हार्. टेड. तीन ठोके, व्हय ना ताई?"

"हो काका. जोर मधल्यावर."

"काइंड-हार्टेड!"

"अगदी बरोबर. म्हणजे दयाळू. आता नात हसणार नाही तुम्हाला."

"तिच्याच गोष्टीच्या पुस्तकातला शब्द हाय. गेल्या येळी लई हसली. टाळ्या वाजवून धा येळा म्हनून घेतलं माझ्याकडनं."

"आणि एरवी काय बोलते?"

"'हाय आजोबा, बाय आजोबा.' कॅनडात वाढली, मराठी न्हाई येत तिला."

"मग लावा फोन. आज शाबासकी मिळेल."

"शाबासकी दिली की फोन ठिवील ती."

किसनरावांनी फोन लावला. पडद्यावर चिमुकला चेहरा दिसताच त्यांनी सगळा जोर पहिल्या ठोक्यावर दिला.

"काऽइंड-हार्टेड!"

"नो, आजोबा!" पलीकडून हसू आले आणि टाळ्या सुरू झाल्या.

बस आली. त्यांनी ती जाऊ दिली.