गेम चढेपर्यंत गप

मोबाईलच्या गेमचं कौतुक मले सांगू नका. ढाणकीत आमच्या घरी टीव्हीले जोडाचा कॉम्प्युटर होता. लोक त्याले खेळणं म्हणत, म्हणोत बापडे. त्यात विमानाचा गेम टेपच्या कॅसेटवरून चढे, पाच-सात मिनिटं किरकिर आवाज करत. बायको म्हणे, "बोलू नका, तुमचा आवाज आत जाईन." मंग आमी दोघं टेपजवळ खेटून गप बसो. दिवसभर भांडणारी बाई तेवढीच गप राहे.

ती वारली. परवा लेकीनं तोच गेम मोबाईलवर लावला. बोट लावल्याबरोबर सुरू.

म्हटलं, "बंद कर."

"काहून बाबा? तोच तं हाय."

"इतक्या लवकर सुरू झाला, तं तुही माय बाजूले बसन कवा?"