नळापाशी झालेलं उद्यापन

अहो, त्या दुष्काळाची एक गंमत सांगते. उदगीर जिल्हा होणार म्हणून चौकाचौकात बोर्ड लागले होते, नळाला मात्र पाणी नव्हतं. त्यात माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन आलं, आणि भजनात ढोलक वाजवणाऱ्या शांताकाकू पाण्यापायी लेकीकडं लोह्याला गेलेल्या. ठेक्याविना भजन कसं व्हावं?

माझी लेक इंजिनिअरिंगला. म्हणाली, "आई, माझं यंत्र वाजवील की!" तिनं पेटीसारख्या कीबोर्डची पट्टी दाबली की मिडी म्हणतात त्या तारेतून मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे एका छोट्याशा कॉम्प्युटरला, इशारा जायचा, तो हवेचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि हवेच्या जोरानं काठी ढोलकावर पडायची. उरलेली हवा मागून सुटायची, फुस्स!

बायका जमल्या, लेकीनं ठेका धरला. फुस्स, फुस्स, फुस्स. पाणी यायच्या आधी आमच्या गल्लीतला नळ अस्साच फुसफुसतो. शेजारच्या कलावतीबाई ताडकन उठल्या, "अगं बया, नळ आला!" बघता बघता घर रिकामं. सगळ्या आपापल्या घरून घागरी घेऊन त्या नळावर.

मी मागं धावले. "अवो, नळ न्हाई, आमच्या पोरीचा ढोलक हाय!"

"असू द्या की," कलावतीबाई म्हणाल्या. "नंबर लागलाय, आता सोडत न्हाई. खरंच आला म्हंजे?"

मग काय, वायर ओढून यंत्रच नळापाशी नेलं आणि भजन तिथं केलं. फुस्स ऐकून पलीकडच्या गल्लीतल्या बायकाही आल्या. महादेवाची कृपा, एवढी गर्दी माझ्या कुठल्याच उद्यापनाला झाली नव्हती. फक्त नंबर जाईल म्हणून हातातली घागर कुणी खाली ठेवीना. प्रसादाचे चुरम्याचे लाडू मी घागरीतच टाकत गेले.