किअरनचा वेग, वीसपैकी

हॅलो?… हो, क्लाइव्हच बोलतोय. या घरात दुसरं कोण उचलणार फोन, ब्रेंडा?

…नाही गं, झोपलो नव्हतो. चहा टाकत होतो. बोल.

…हं… हं… अगं, आधी रडणं थांबव आणि नीट सांग. किअरनला काय झालं?

…माल्टाचा क्लब? फोन कधी आला त्यांचा?… आज सकाळी. बरं… एक वर्षाचा करार, राहायला घर. मग चांगलंच आहे की. यात रडण्यासारखं काय?

…अच्छा.

…अच्छा, नवे आकडे आले की ते बघून कळवणार.

…हो, म्हणजे माझेच आकडे. दुसऱ्या कुणाचे असणार? आपल्या हॅदरक्लफ क्लबच्या पोरांचे आकडे त्या कॉम्प्युटरच्या खेळात एकोणीस वर्षं मीच भरतोय. आठवतं, तू शेजारणींना काय सांगायचीस? की पोरं घरात बसून कॉम्प्युटरवर फुटबॉलचे मॅनेजर होतात, आणि त्यांच्यासाठी आमचा भाऊ गारठ्यात घड्याळ घेऊन बसतो, फुकट. आता बघ, खरे क्लबसुद्धा तेच आकडे चाळतात.

…नाही, टोमणा नाही मारत. बोल, त्याचा वेग किती हवाय तुला?

…तेरा.

…हो, गेल्या वर्षी तेराच होता. मीच दिला होता, मला नाही माहीत? त्याच्या आदल्या वर्षीही तेरा. त्याच्याही आदल्या वर्षी. दर वर्षी शेवटच्या दिवशी तुझा फोन येतो आणि मी तेरा लिहितो.

…पाचपर्यंत मुदत, हो… चार दहा झालेत, बरोबर आहे तुझं घड्याळ… अगं ऐक ना. ऐकून तर घे. छत्तीस वर्षांचा आहे तो.

…तुला नाही सांगत गं. तो झाला तेव्हा तुम्हा दोघांना दवाखान्यातून माझ्याच व्हॅनने आणलं होतं, मला तारीख पाठ आहे.

…कप स्पर्धेतला तो गोल? तो कोण विसरेल? चिप्सच्या दुकानात अजून फोटो लावलाय त्याचा, तेलाने पिवळा पडलाय, पण काढत नाहीत. त्या वर्षी मी वेग सतरा दिला होता. अठरा द्या म्हणून खेळ बनवणाऱ्यांशी भांडलोही होतो. वीसपैकी अठरा, आपल्यासारख्या गावच्या क्लबातल्या पोराला. वेडा म्हणाले मला.

…हो, मग तेव्हाचं तेव्हा. तेव्हा समोरचा बचावपटू त्याच्यापासून पाच-सहा यार्ड लांब उभा राहायचा. घाबरून. एकदा निसटला की हाती लागायचा नाही म्हणून. नोव्हेंबरात काय पाहिलं सांगू? एकोणीस वर्षांचं एक पोरगं त्याच्या अगदी अंगाशी उभं होतं, आणि त्याच्याकडे पाठ करून आपल्या मॅनेजरशी गप्पा मारत होतं. किअरनकडे बघतसुद्धा नव्हतं. मी घड्याळ खिशात टाकलं आणि घरी आलो. मोजायला उरलं काय होतं?

…थंडीने पाय आखडले होते? बरं.

…आकडाच आहे, हो. एका आकड्याने कुणाचं काय बिघडतं, असंच मलाही वाटायचं. मागल्या उन्हाळ्यात सायप्रसच्या क्लबात गेला होता ना तो, आठवडाभर चाचणीला? तिसऱ्या दिवशी परत का आला?

…जेवण सोसलं नाही. असं सांगितलं तुला.

…नाही ब्रेंडा. सांगायचं नव्हतं मला, पण… नाही, जेवण नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांबरोबर धावायला लावलं त्याला. त्यांच्याकडची शाळकरी पोरं पुढे निघून गेली. त्यांना वाटलं लंगडतोय, म्हणून डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर म्हणाला, याला काहीही झालेलं नाही.

…मला कसं कळलं? त्या क्लबचं पत्र आलं. खेळ बनवणाऱ्यांना. हे तेरा कुणी लिहिले, असं विचारणारं. ते फिरत फिरत माझ्याकडे आलं… टेबलाच्या खणात आहे… हो, वर्षभर. तुझ्या हातचं जेवत होतो दर रविवारी, तो समोर बसलेला असायचा, आणि मी बटाटे मागत होतो. कधी सांगणार होतो तुला?

…सगळी सोंगं आणता येतात गं, पायांचं नाही आणता येत. आडात काही नव्हतं आणि मी तीन वर्षं पोहरा भरून दाखवत होतो. तो तिकडे त्या पोरांच्या मागे धापा टाकत होता ना, ते माझ्यामुळे. तुझ्यामुळे नाही. लिहिलं मी.

…काहीच केलं नाही? मी?

…थांब, एक मिनिट. ऐकून घे. खरा आकडा घातला, मॅनेजर झालो आणि त्याचं पुढचं वर्ष खेळून बघितलं. अकरा वेळा. हो, कॉम्प्युटरवरच, हस हवं तर. पहिल्या वेळी प्रत्येक सामन्यात खेळवला. डिसेंबरात मांडीचा स्नायू गेला. मग म्हटलं जपून वापरू, शेवटचा अर्धा तासच उतरवू. तर रुसला, आणि पोरांत दोन तट पडले. मग कडेवरून मधे आणला, तिथे पळावं कमी लागतं. ओळीने सहा सामने हरलो. एकदा लहान पोरं त्याच्या हाताखाली दिली. शिकली गं, छान शिकली. इतकी छान की फेब्रुवारीत त्यांनीच त्याची जागा घेतली. पगार वाढवून पाहिला, कप्तान करून पाहिलं. दर वेळी नवीन काहीतरी. मला वाटायचं, एखादी वाट असेल, मलाच दिसत नसेल. एवढा चांगला खेळाडू, त्याला नीट सांभाळलं तर एक वर्ष निघेल की. नाही निघालं, ब्रेंडा. अकरापैकी एकदाही नाही. हात टेकले मी.

…नवव्या वेळी त्याला म्हटलं, खेळणं सोड, पोरांचा कोच हो. त्या खेळात कुणी बोलत नाही, नुसती एक ओळ येते. आली. ‘मला अजून खेळायचं आहे.’

…काय? कधी?… मंगळवारी? खरंच, क्लबच्या ओकलीने स्वतः विचारलं? चौदा वर्षांखालच्या पोरांचा कोच होतोस का म्हणून?… आणि हा काय म्हणाला?

…हं.

…अजून खेळायचंय. तेच शब्द म्हणाला ना?

…जागा अजून मोकळी आहे का? शुक्रवारपर्यंत थांबणार आहे ओकली?… मग माल्टाचं सोडून देऊन… नाही, ऐक… मी त्याला संपवत नाहीये. मी कशाला संपवीन? मी मामा आहे त्याचा.

…

…हो. नाहीत मला मुलं.

…नाही, राग नाही आला. खरंच आहे ते. मला मुलं असती तर शनिवारचे एवढे सामने पाहायला मिळाले नसते त्याचे. चारशे बारा पाहिलेत मी. तू किती पाहिलेस?… बरं, राहू दे. मीही तसं बोलायला नको होतं.

…नको, फोनवरून माझ्या पाया कशाला पडतेस? खुर्चीवर बस आधी.

…अगं, काय पाठवू? पाठवून झालंय.

…सकाळी नऊ वाजता. तुझा फोन येणार हे ठाऊक होतं मला. तू बोलायला लागलीस की मला नाही म्हणता येत नाही, आईच्या वेळेपासून येत नाही. म्हणून आधीच पाठवून टाकलं.

…सहा.

…वीसपैकी, हो… नंतर पुन्हा जाऊन मोजून लिहिलाय. पाच असायला हवा खरं तर.

…बदलता येतं का? … येतं. पाच वाजेपर्यंत येतं. तुझ्याशी खोटं नाही बोलणार.

…नाही.

…नाही ब्रेंडा. मला ते करायला लावू नकोस. माल्टातही सकाळ होतेच, तिथेही धावायला लावतील.

…त्याला द्यायचाय फोन? दे ना… नको म्हणतोय? … बरं. खोलीत गेला का? … दार लावलं. बरं.

…रविवारी? … नाही, समजलं. या रविवारी नको… कुठल्याच नको. समजलं गं मला, ओरडू नकोस, शेजारी ऐकतील. बरोबर आहे तुझं. तो समोर बसणार आणि मी बटाटे मागणार, ते कसं जमेल.

…फक्त ती सफरचंदं, ब्रेंडा. तू सांगितलेली, किअरनच्या केकसाठी, काल आणून ठेवली होती. इथे कोण खाणार? शनिवारी सामन्याहून येता येता दाराशी ठेवून जाईन. बेल नाही वाजवणार, नुसतं ठेवून…

हॅलो?

…ब्रेंडा? हॅलो?